एक बोट उजवीकडे

ढालगावच्या पठारावर, सतरा नंबरच्या पवनचक्कीखाली
आम्ही डबे उघडले होते, मी आणि अन्वर मुलाणी.
पाती सकाळपासून गप्प. मे महिना.
वारा मोजायच्या खोक्यात शून्य पूर्णांक चार,
म्हणजे माझ्या भाकरीवरची माशीही न उडवणारा.

जतच्या बाजूचं आभाळ तव्याच्या बुडासारखं झालेलं,
आणि त्यातून काहीतरी लोंबत होतं.
आधी वाटलं धूर, कुणीतरी बांध पेटवला असेल.
पण धूर वर जातो.
हे खाली येत होतं,
वाकडं, सावकाश, जमिनीचा वास घेत,
आणि टेकलं तेव्हा तिथली माती
तांबडी होऊन त्याच्या पायाशी उभी राहिली.

वावटळी मी पाहिल्यात. शाळेच्या मैदानात
त्यांच्यात शिरून फ्रॉकभर कचरा आणलाय.
थुंकलं की पळते, म्हणायची आई.
हिच्यापर्यंत थुंकी पोचली नसती.

मी उठले. डबा सांडला. जीपची किल्ली कुठंय,
किल्ली...
"बस," अन्वरभाई म्हणाले,
"आधी बघू तर, ती कुठं निघालीया."

एक डोळा मिटून त्यांनी हात लांब केला,
सोंडेवर अंगठा ठेवला,
शेजारी गावच्या पाण्याच्या टाकीचा खांब.
"जागची हलत न्हाई आन् मोठी हुतीया, तर आपल्याकडं.
सरकली, तर दुसरीकडं कुठंतरी.
मोज."

मी मोजलं. वीस. चाळीस.
साठाला ती टाकीपासून एक बोट उजवीकडे.
शंभराला दोन.
माझ्या छातीतलं पातं हळूहळू थांबलं,
आणि मग मला दिसलं की ती देखणी आहे.
हे तोंडातून जाऊ दिलं नाही.
बरं झालं.

कारण दुसरीकडं कुठंतरी, त्यालाही गाव असतं,
आणि अन्वरभाईंनी तोवर फोन कानाला लावला होता.
बहिणीची बेदाण्याची शेड
त्या उजवीकडच्या बोटाखालीच.

"शमा, जेवलीस का?"
मी त्यांच्याकडे बघतच राहिले.
"बरं. आता ऐक. पत्र्याखाली थांबू नगंस.
चप्पल घाल, तितं काचा असत्यात.
समद्या बायकांना घे, ओढ्यावरच्या मोरीत जाऊन बसा.
ओढा कोरडा हाय न्हवं? मग झालं.
पळू नका, चाला. मी हाय फोनवर."

आवाज असा, की येताना दळण आण म्हणतायत.
फक्त डावा हात भाकरीचा तुकडा
चुरत होता, चुरतच होता.
मुंग्यांना तोवर पत्ता लागलेला.

पाच किलोमीटरवरचं काही ऐकू येत नाही.
हिरवी जाळी वर गेली, इतकी लांब
की पोपटांचा थवा वाटली.
एक पत्रा चमकला, नाणेफेकीच्या नाण्यासारखा,
कुठल्या बाजूनं पडला ते कळलं नाही.

फोन मध्येच तुटला.
ते बोलत राहिले त्या बंद फोनमध्ये,
"हां. हाय मी. बसलीयास न्हवं? हां."

सोंड बारीक होत गेली. दोरी. सुतळी.
मग नुसतं आभाळ, कुणी काही बघितलंच नाही असं.
सतरा नंबरचं पातं कुरकुरलं,
वळलं, फिरायला लागलं,
आणि फोन वाजला.

शमाचा आवाज मलाही ऐकू आला इतकी ती ओरडत होती:
"भाई, जाळी गेली! रॅकं आडवी झाली समदी!
मोरीत आमी सातजणी, दोन कुत्री,
आन् एक घोरपड, ती हलायलाच तयार न्हाई.
गप बसलीया, तुज्यासारखी."

अन्वरभाई हसले नाहीत.
डब्याचं झाकण लावायला गेले, ते बसेना.
खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली.
"तू चालव," म्हणाले,
"माझं हात कापाय लागल्यात."